मेडिकलचं काउंटर आणि आपले कान

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेले भाषण. वक्त्यांनी स्वतः लिहून दिलेला मजकूर.)



व्याख्यानमालेतला एक दिवस घरच्याच माणसाला द्यायचा असं कमिटीनं ठरवलं आणि मला निरोप आला. अपेक्षा अशी होती की मी ‘ज्येष्ठांसाठी गुंतवणूक’ किंवा ‘मृत्युपत्र आणि नॉमिनेशन’ यावर बोलावं. त्यावर मी याआधी दोनदा बोललोय आणि दोन्ही वेळा पहिल्या रांगेतले निम्मे लोक झोपले होते. म्हणून मी विषय कळवला, ‘औषधाच्या दुकानातली गुप्तता’. सेक्रेटरी फोनवर जरा थांबले. म्हणाले, “काका, तुम्ही बँकेतले. मेडिकलशी तुमचा काय संबंध?” मी म्हटलं, “अहो, सत्तरीनंतर माणसाचा बँकेपेक्षा मेडिकलशीच संबंध जास्त. पेन्शन एका दारानं येते आणि दुसऱ्या दारानं तिकडे जाते.”

संबंध खरं तर याहून जवळचा आहे. तो ओघात सांगणारच आहे. पण सुरुवात बँकेपासून करतो, कारण मला तेवढंच नीट येतं.

मी बँकेत लागलो १९७३ साली, क्लार्क म्हणून. पहिल्या दिवशी बसायला खुर्ची मिळायच्या आधी सहीसाठी एक कागद पुढे आला. निष्ठा आणि गुप्ततेचं घोषणापत्र. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा १९७० चा जो कायदा आहे, त्याच्या कलम १३ मध्येच ते सांगितलंय. खातेदाराची माहिती कायद्यानं किंवा बँकेच्या रूढ व्यवहारानं गरज असेल तरच बाहेर द्यायची, एरवी नाही. मी तेवीस वर्षांचा. सही कशावर करतोय यापेक्षा हातात पगार किती पडणार याकडे लक्ष.

त्या सहीचा अर्थ पुढे बार्शीच्या शाखेत कळला. गावात मोठा मान असलेले एक गृहस्थ आले आणि मुलाच्या खात्यात शिल्लक किती, असं विचारू लागले. मुलगा सज्ञान, खातं त्याच्या एकट्याच्या नावावर. मी म्हटलं, सांगता येणार नाही. “अरे, बाप आहे मी त्याचा!” “असाल. पण खात्यावर तुमचं नाव नाही.” गृहस्थ तणतणत गेले. दोन महिन्यांनी मला भाड्याची खोली बदलावी लागली, कारण घरमालक त्यांचे साडू निघाले.

प्रमोशनसाठी आम्ही सीएआयआयबीची परीक्षा देत असू. त्यात एक खटला हटकून विचारत. टूर्नियर नावाच्या माणसाचा, इंग्लंडमधला, निकाल १९२४ चा. या टूर्नियरच्या खात्यावर दहा-एक पौंडांचा ओव्हरड्राफ्ट झाला होता. दर आठवड्याला थोडे थोडे फेडतो असं त्यानं लिहून दिलं आणि मग हप्ते थकवले. मॅनेजरनं त्याचा घरचा पत्ता मिळवायला तो नोकरी करत होता तिथे फोन लावला. पत्ताच हवा होता, दुसरं काही नाही. पण बोलता बोलता सांगून गेला की याच्याकडे आमचे पैसे थकलेत, आणि याचे पैसे जुगाराच्या पैजा घेणाऱ्याकडे जात असावेत असा आम्हाला संशय आहे. टूर्नियर तिथे नुकताच लागला होता. त्याला पुढे ठेवून घेतलं नाही. तो कोर्टात गेला आणि वरच्या कोर्टानं सांगितलं, गुप्तता राखणं हे बँकेचं कर्तव्य आहे. अपवाद चार. कायद्याची सक्ती, समाजाप्रति कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि खातेदाराची संमती. हे चार अपवाद मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील.

परीक्षेसाठी अपवाद पाठ केले. पण पुढे डोक्यात राहिला तो मॅनेजर. त्याला टूर्नियरचं वाईट करायचं नव्हतं. बोलता बोलता सांगून गेला, एवढंच. आज मला या ‘बोलता बोलता’वर बोलायचंय.

बँकेत निदान काच होती, केबिन होती. शिल्लक सांगायची तर आम्ही चिठ्ठीवर आकडा लिहून सरकवत असू. आता मेडिकलचं काउंटर डोळ्यापुढे आणा. संध्याकाळचे सात वाजलेत. दुकान लहान. परवाना मिळायला किरकोळ औषधविक्रीच्या दुकानाला निदान दहा चौरस मीटर जागा लागते, आणि बरीच दुकानं त्याच्या फार पुढे जात नाहीत. गिऱ्हाईक पायरीवर, फुटपाथवर उभं. पुढे दोघं, मागे तिघं, सगळे ओळखीचे. आपण चिठ्ठी पुढे करतो आणि दुकानातून आवाज येतो, “ही शुगरची मोठ्या पॉवरची देऊ का?” झालं. गणपतीत प्रसादाचं ताट फिरेल तेव्हा चार जण आपल्याकडे बघून म्हणणार, “तुम्हाला चालतो का मोदक?”

शुगरचं एक बरं आहे, आता तिची कोणाला लाज राहिलेली नाही. आपल्या कट्ट्यावर तर एचबीएवनसीचे आकडे मुलांच्या मार्कांसारखे सांगतात. पण सगळ्या गोळ्या तशा नसतात.

एक गंमत बघा. वर्षानुवर्षं दुकानदार एकच वस्तू जिवापाड जपून देत आलाय. सॅनिटरी पॅड. आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचं, मग काळ्या पिशवीत घालायचं. ज्यात लपवण्यासारखं काही नाही, जे निम्म्या घरांत दर महिन्याला लागतं, त्याला दोन आवरणं. आणि क्षयाची गोळी, फिटची गोळी, मनाच्या आजाराची गोळी, मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचारांची इंजेक्शनं यांची नावं खड्या आवाजात. काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं, हे आपण कुठून शिकलो कोण जाणे.

आता माझं सांगतो. हे गुपित माझंच असल्यामुळे ते फोडायचा अधिकारही माझाच आहे.

२०१८ च्या जानेवारीत आमची ही गेली. तुम्ही सगळे आला होतात, स्मशानात, दहाव्याला, तेराव्याला. मुलगी महिनाभर राहिली आणि नागपूरला परत गेली. त्यानंतर मला झोप येईना. जेवण जाईना. बँकेतला माणूस मी, पण पासबुकातली नोंद तीन-तीनदा वाचूनही कळेना. आपल्या सोसायटीचे हिशेब तेव्हा माझ्याकडे होते, २०१० पासून. ते मात्र मी रोज रात्री बसून लिहीत असे, कारण आकडे बरोबर जुळले की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मे महिन्यात फॅमिली डॉक्टरांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोळ्या दिल्या. सकाळी एक, रात्री अर्धी.

त्या गोळ्या मी इथल्या दुकानातून घेत नव्हतो. पीएमटीची बस पकडून दोन किलोमीटरवर जात होतो, जिथे मला कोणी ओळखत नाही. माझ्या वयाच्या माणसानं चोरासारखं औषध आणायला जायचं! पण गोळ्या लागू पडत होत्या. जूनअखेर मी झोपायला लागलो होतो.

जुलैमधे एकदा चार दिवस पाऊस थांबला नाही. गोळ्या संपल्या. बसचा भरवसा नव्हता, म्हणून छत्री घेऊन जवळच्याच एका दुकानात गेलो. कोणतं ते विचारू नका. चिठ्ठी दिली. काउंटरवर एक पोरगा होता, एकोणीस-वीसचा. त्यानं नाव वाचलं, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि आत वळून ओरडला, “शेठ, ही डिप्रेशनची गोळी आहे का आपल्याकडे? काकांना पाहिजेय!”

माझ्या मागे तिघं उभे होते. तिघंही आपल्या सोसायटीतले. कोणी काही बोललं नाही. पावसाचा आवाज तेवढा.

पुढचं मी तक्रार म्हणून सांगत नाही. तुम्ही सगळे माझ्याशी फार चांगले वागलात आणि तोच त्रास झाला. सकाळी फिरायला गेलो की बोलणं थांबायचं आणि एकदम हवेवर सुरू व्हायचं. कोणी च्यवनप्राश आणून दिला, कोणी हास्यक्लबात ओढून नेलं. मोबाइलवर सूर्योदयाची चित्रं आणि सकारात्मक विचार यायला लागले, दिवसाला सात-आठ. आणि सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक सभासद उठून अत्यंत प्रेमानं म्हणाले, काकांनी आठ वर्षं सोसायटीसाठी खूप केलं, आता त्यांच्या डोक्याला ताण देऊ नये. टाळ्या झाल्या. शाल आणि नारळ माझ्या हातात आला. त्या वर्षीचा ताळेबंद काढून बघा, एका पैशाची चूक नाही.

मी मात्र वेगळीच चूक केली. त्या पावसाळी संध्याकाळनंतर महिन्याभरात मी गोळ्या आपल्या आपण बंद केल्या. मनाशी म्हटलं, गोळ्याच नाहीत तर आजारही नाही, सांगा सगळ्यांना. अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकदम सोडायच्या नसतात. त्याचं जे व्हायचं ते झालं. दिवाळीत मुलगी आली तेव्हा आकाशकंदील खोक्यातच होता आणि मी तीन दिवस दाढी केलेली नव्हती. तिनं काही न विचारता रिक्षा बोलावली आणि मला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यानंतर पूर्ण बरं व्हायला दीड वर्ष लागलं. आता सगळं ठीक आहे, म्हणून तर माइक हातात आहे.

त्या पोराला मी दोष देत नाही. नंतर मी चौकशी केली. तो फार्मासिस्ट नव्हता, मदतनीस होता. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की यात सांभाळण्यासारखं काही असतं. त्याच्यापुढे कोणी कागद ठेवून सही घेतली नव्हती.

आणि कागद आहे बरं का! मला रिकामपण होतं, म्हणून शोधून वाचला. भारतीय फार्मसी कौन्सिलनं २०१५ साली औषधव्यवसायाचे विनियम काढले. त्यांत नोंदणीकृत फार्मासिस्टवर बंधन आहे की व्यवसाय करताना रुग्णाचं जे गुपित कळेल ते बाहेर फोडायचं नाही. अपवाद तीन. न्यायाधीशांनी आदेश दिला तर कोर्टात. एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर. आणि कायद्यानं कळवणं आवश्यक असलेले आजार. वाचताना मला हसू आलं. आमच्या टूर्नियरचीच भावंडं! शंभर वर्षांपूर्वी तिकडे एका बँकेच्या खटल्यात जे ठरलं, तेच थोड्या फरकानं इथे औषधाच्या काउंटरवर.

डॉक्टरांनी गुप्तता पाळायची असते हे आपण सगळे जाणतो. पण डॉक्टरांकडे निदान दार असतं आणि दाराबाहेर नंबर लावून बसलेली माणसं असतात. केमिस्टला तर जास्तच कळतं. डॉक्टर तीन असतील, हृदयाचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणखी कुठले वेगळे. तिघांच्या चिठ्ठ्या एकाच दुकानात येतात. सुनेच्या, सासऱ्याच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या. त्याला घर कळतं.

शिवाय सरकारनंच त्याला काही गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्यात. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच वन’ लागू आहे. त्यातली औषधं विकली की वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हेतू चांगला आहे. अँटिबायोटिक्स वाटेल तशी विकली जाऊ नयेत, सवय लावणारी औषधं सहज मिळू नयेत. पण या यादीत क्षयाची औषधंही आहेत आणि अल्प्राझोलामसारख्या गोळ्याही. म्हणजे परिसरात क्षय कोणाला आणि रात्रीची झोप कोणाची उडालीय, हे एका वहीत तारीखवार लिहिलेलं असतं. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी ती जरूर बघावी. पण मी एका दुकानात ही वही काउंटरवर वजनकाट्याशेजारी उघडी पडलेली पाहिली आहे. आम्ही बँकेचं लेजर असं ठेवलं असतं तर मेमो मिळाला असता.

आता एकच बाजू सांगणं बरोबर नाही. सध्या मी ज्यांच्याकडून औषधं घेतो त्या केमिस्टना मी हे सगळं बोलून दाखवलं. दुपारची वेळ होती, दुकान रिकामं. त्यांनी स्टूल दिलं. म्हणाले, “काका, आम्हाला विचारावं लागतं हो. गोळी कोणासाठी, वय काय, दुसरं काही चालू आहे का. न विचारता दिली आणि काही झालं तर? आणि हळू विचारलं तर तुमच्या वयाच्या लोकांना ऐकू जात नाही. ते मोठ्यानं ‘काय?’ म्हणतात, मग मलाही मोठ्यानं सांगावं लागतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी स्वतः त्यांना दोनदा “काय?” म्हणालो होतो.

मग म्हणाले, “आणि गिऱ्हाइकं? मागचा माणूस पुढच्याची चिठ्ठी वाचतो. मीच किती वेळा चिठ्ठी उलटी करून ठेवतो. एक बाई रोज विचारतात, त्या अमक्या काल काय घेऊन गेल्या? मी म्हणतो, क्रोसिन. प्रत्येकाला मी क्रोसिनच सांगतो.” हे मला फार आवडलं. आम्हाला बँकेत असं सुचलं नव्हतं.

अपवादाचंही त्यांनी सांगितलं. एक वृद्ध गृहस्थ झोपेच्या गोळ्या न्यायला पुन्हा पुन्हा येऊ लागले, चिठ्ठी तीच, तारीख जुनी. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. शेजाऱ्यांना नाही, कट्ट्यावर नाही. ज्याला कळून काही करता येईल अशा एकालाच. क्षयाचंही तसंच. क्षय हा कळवायचा आजार आहे आणि २०१८ पासून औषधविक्रेत्यांनीही रुग्णाची माहिती सरकारी यंत्रणेला द्यायची आहे. म्हणजे औषध मधेच सुटलं तर कोणीतरी घरी येऊन चौकशी करील. पण आरोग्य अधिकाऱ्याला कळवलं म्हणून दुसऱ्या मजल्यावर कळवायला मोकळीक मिळत नाही.

यावर सुप्रीम कोर्टातलाही एक निकाल आहे, १९९८ चा. त्यात माणसाला फक्त ‘एक्स’ म्हटलंय आणि हॉस्पिटलला ‘झेड’. रक्त तपासताना या एक्सला एचआयव्ही असल्याचं कळलं, ते हॉस्पिटलकडून बाहेर गेलं आणि ठरलेलं लग्न मोडलं. तो कोर्टात गेला आणि हरला. कोर्ट म्हणालं, जिच्याशी लग्न व्हायचं होतं त्या मुलीचा जीव वाचला, तिला कळणं योग्यच होतं. मला हे पटतं. माझी मुलगी असती तर मलाही तेच हवं असतं. पण त्या माणसाचं गाऱ्हाणं नुसतं लग्नाचं नव्हतं. समाजात सगळीकडे झालं आणि त्याला राहतं शहर सोडावं लागलं. मुलीला कळायला हवं होतं. सगळ्या शहराला कळायची काय गरज होती? पुढे २०१७ मध्ये एचआयव्हीसाठी आणि मानसिक आरोग्यासाठी असे दोन वेगळे कायदे झाले आणि दोन्हींत गुप्तता रुग्णाचा हक्क म्हणून आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मला तो पोरगा भेटला त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात. दिल्लीहून निघालेला निकाल सिंहगड रस्त्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

इथवर मी केमिस्टबद्दल बोललो. आता जे सांगतोय ते घरी लिहून तीनदा खोडलं होतं.

माझ्या बाबतीत एवढं सगळं होऊन गेल्यावर मीही तेच केलं. वर्ष सांगत नाही. विंग, मजला, औषध काही सांगत नाही. कृपया कोणी हिशेब मांडू नका. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारून, हे भाषण आधी वाचायला देऊन मगच बोलतोय. दोन वाक्यं त्यांनी काढायला सांगितली, ती काढली आहेत.

गेटवर औषधाचं पार्सल आलं होतं. वॉचमन म्हणाला, “काका, वर जाताय तर देता का?” मी घेतलं. कागदी पिशवी, वर स्टेपल केलेलं बिल. लिफ्ट वर जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी ते वाचलं. औषधाचं नाव ओळखीचं नव्हतं म्हणून घरी जाऊन मोबाइलवर बघितलं. आणि संध्याकाळी कट्ट्यावर एकालाच सांगितलं. एकालाच! आणि काळजीनंच सांगितलं हो. “त्यांच्याकडे जरा लक्ष ठेवायला हवं,” एवढंच माझं वाक्य. पाचव्या दिवशी ती बातमी तिसऱ्याच माणसाकडून माझ्याकडे परत आली. आजार मूळच्यापेक्षा मोठा झाला होता आणि त्याला एक खोटं कारणही चिकटलं होतं.

मी त्या घरी गेलो. बेल वाजवायच्या आधी बराच वेळ बाहेर उभा होतो. जे केलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहा केला. कप माझ्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, “काका, तुमच्याही बाबतीत असंच झालं होतं ना?”

त्या चहाचा घोट कसा घेतला ते मला माहीत.

तेव्हापासून मी आपल्या सोसायटीत औषधाची माहिती कुठून कुठून गळते ते बघत असतो. सवय बँकेची, ऑडिटची. गेटवरचं टेबल ही सगळ्यात मोठी गळती. दुपारी तिथे पाच-सहा औषधांच्या पिशव्या पडलेल्या असतात, वर फ्लॅट नंबर आणि बिल. दुसरी, आपली औषधदानाची पेटी. उरलेली औषधं गरजूंना द्यायची कल्पना उत्तम. पण लोक स्ट्रिपबरोबर बिलही टाकतात, नावासकट. महिन्यातून एकदा आम्ही चार जण पेटी उघडून औषधं वेगळी करतो, तेव्हा कोणाला काय आहे ते आम्हा चौघांना कळतं. मी आता बिलं आधी फाडतो, मग गोळ्या बघतो. तिसरी, आपला व्हॉट्सअॅप ग्रुप. “अमुक इंजेक्शन तातडीनं कोणाकडे आहे का, आईला हवंय.” तातडी समजू शकते. पण इंजेक्शनच्या नावावरून आजार शोधायला दोन मिनिटं लागतात आणि ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत.

करोनाच्या वेळचं तर आठवतच असेल. कोणत्या फ्लॅटमध्ये निघाला, हे त्या घरच्यांच्या आधी ग्रुपला कळत होतं. घाबरलो होतो सगळेच. मीही तो मेसेज पुढे पाठवला होता.

आणि मोबाइल नंबर. हल्ली बिल करताना दुकानात नंबर विचारतात, आपण मोठ्यानं सांगतो, आणि स्क्रीनवर दोन वर्षांचा इतिहास उघडतो. २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झालाय. पण नंबर कागदावर लिहून पुढे करायला कायदा कशाला हवा? मी चिठ्ठीच्या मागेच लिहून ठेवतो.

घरातल्या घरातही हे सोपं नाही. माझा मुलगा पुण्यातच असतो, औषधं ॲपवरून तोच मागवतो. एकदा त्यानं केमिस्टना परस्पर फोन केला, “बाबा ती जुनी गोळी अजून नेतात का?” केमिस्ट म्हणाले, “तुम्ही बाबांनाच विचारा.” मुलगा रागावला. मला म्हणाला, “अहो बाबा, मुलगा आहे मी तुमचा!” मला एकदम बार्शी आठवली. खात्यावर मुलाचं नाव नाही, असं म्हणणार होतो, पण त्याचा चेहरा बघितला आणि म्हटलं, बस, सांगतो. सगळं सांगितलं त्याला, मीच.

असो. वेळ संपत आलीय, मागे पोह्यांचा वास सुटलाय.

कमिटीकडे मी एक कागद दिला आहे. गेटवर औषधांच्या पार्सलसाठी प्रत्येक विंगला वेगळा कप्पा आणि कुलूप असलेलं लोखंडी कपाट, वॉचमनकडे किल्ली, ज्याचं त्यालाच द्यायचं. जातायेता कोणाच्या हाती वर पाठवायचं नाही, माझ्या तर नाहीच. दोन ठिकाणचे दर आणलेत, स्वस्त दर नऊ हजार दोनशेचा आहे. निम्मी रक्कम मी देईन. उरलेली रौप्यमहोत्सवाच्या शिलकीतून घ्यावी असं सुचवलंय. खजिनदार समोर बसलेत, शिल्लक किती आहे ते मी त्यांना इथे विचारत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. फक्त गोळीचं नाव विचारू नका. क्रोसिन होती.